दहा मीटर सपाट जागेच्या शोधात

माझी नोकरी धरणावरची. रोज सकाळी आठ वाजता पट्टीवरची पाणीपातळी वाचायची, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि वर कळवायचं. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे मोजल्याशिवाय काही खरं वाटत नाही, अशी खोड लागली आहे. म्हणून डॉक्टर रेवतींनी फोनवर "काका, तुमच्या घराण्याची वंशावळ काढून ठेवा" असं सांगितलं, तेव्हा मी ती ड्रॉइंगच्या कागदावर पट्टीने काढली. पाच पिढ्या, चौसष्ट माणसं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, मयताला तिरकी रेघ आणि ज्याला घराण्यातलं दुखणं आहे त्याचा आकार काळा भरायचा, ही पद्धत त्यांनीच सांगितली होती.

त्या दुखण्याला आमच्यात झोक म्हणतात. चाळिशीच्या आसपास माणसाचे पाय फाकतात, चाल डुलायला लागते, पुढे हात थरथरतात, जीभ जड होते. डोकं मात्र शाबूत राहतं. आजोबांना होता, थोरल्या चुलत्यांना होता, रहिमतपूरच्या आत्याला आहे. माझ्या वडिलांना नव्हता. ते एक्याऐंशीव्या वर्षी सायकलवरून दळण आणत. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. वडील एवढ्या वयापर्यंत सरळ चालले, म्हणजे तुम्हाला होण्याचं कारण दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

डॉक्टर रेवती मूळच्या धारवाडच्या, मराठी मिरजेत शिकलेल्या, वय पस्तिशीच्या आत. असल्या दुर्मिळ आनुवंशिक दुखण्यांचा अभ्यास एकट्या दवाखान्याला झेपत नाही, कारण एका ठिकाणी रुग्णच पुरेसे मिळत नाहीत. म्हणून इथल्या आणि परदेशातल्या काही डॉक्टरांनी मिळून तो चालवला आहे, त्यांतल्या या एक. सगळीकडे तपासणी एकाच क्रमाने, एकाच शब्दांत. रुग्णाच्या चालण्याचं चित्रण करायचं, ते दोन अनोळखी डॉक्टरांनी वेगवेगळं बघून गुण द्यायचे आणि दोघांचे गुण जुळतात का ते पाहायचं. हे ऐकून मला बरं वाटलं. धरणावरही आम्ही दोन पट्ट्या लावतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नातेवाइकांची तपासणी करायला साताऱ्याहून निघालो. माझी गाडी, मी, माझी बायको मंगल, डॉक्टर रेवती आणि रक्ताच्या नळ्यांसाठी एक निळी शीतपेटी. पेटीत दोन ते आठ अंश तापमान ठेवायचं होतं. दर अर्ध्या तासाने नोंद ठेवायचं काम मी मागून घेतलं.

रहिमतपूर

आत्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. शब्द एकेक करून बाहेर येतात, पण येतात ते धार लावूनच.

"डॉक्टरीणबाई, आदी जेवा. मग टोचा."

वाघ्या घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा. डॉक्टरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. रक्त आत्याचं काढायचं होतं, पण ताकद डॉक्टरांना हवी, असं आत्याचं मत पडलं.

जेवणानंतर मी वंशावळ बाजेवर पसरली. चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले. आत्याने बराच वेळ वाकून पाहिलं.

"ही बना कोन रं?"

"आजोबांच्या जुन्या वहीत नाव सापडलं. पुढे काहीच नोंद नाही. लहानपणीच गेली असणार."

"आन् ही गंगूबाई?"

"ही तू."

शेजारी मंगल खोकली. तिचा हा खोकला मी तीस वर्षं ओळखतो.

"मध्या," आत्या म्हणाली, "म्हायेरात मी बना. लगीन झाल्यावर ह्यांनी गंगू ठेवलं. एवढं पट्टीनं काढलंस आन् मला जित्तेपणी मारून वर तिरकी रेघ बी मारलीस व्हय?"

मी खोडरबर काढलं. चौसष्टची त्रेसष्ट माणसं झाली. सासरी गेल्यावर बायकांचं नाव बदलतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या बायकोचंच बदललं आहे. पण कागदावर दोन नावं दिसली की मी दोन माणसं मोजतो.

तपासणी सुरू झाली. डॉक्टरांनी आपलं बोट पुढे धरलं. आधी ते बोट, मग स्वतःचं नाक, असं आलटून पालटून शिवायचं होतं. आत्याचा हात हेलकावे खात निघाला.

"मागं सरका बाई. नाकाला निगालेला हात तुमच्या डोळ्यात जाईल."

चालण्याच्या रकान्याशी डॉक्टर थांबल्या. आत्या म्हणाली, "त्यात लिवा, चालून झालंय."

रक्त घेऊन झालं, जांभळ्या टोपणाच्या नळ्या पेटीत गेल्या. मग डॉक्टरांचं बोट वंशावळीवर एका चौकोनावर थांबलं. त्या चौकोनात मी पेन्सिलने बारीक अक्षरात 'दारू' लिहिलं होतं.

"हे कोण?"

"हणमंतदादा. थोरल्या चुलत्यांचा मुलगा, कुंडलला असतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. तोही डुलतो, पण त्याचं कारण वेगळं आहे."

"कोणी तपासलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"काका," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मोजलं कोणी?"

सत्तावीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीच तो इतरांना विचारतो. वर त्यांनी समजावलं की आत्याच्या पुढच्या पिढीतलं, दुखणं असलेलं एकही जिवंत माणूस माझ्या कागदावर नाही. ते मिळालं नाही तर हे दुखणं बापाकडून पोराकडे कसं उतरलं, हे दाखवता येणार नाही आणि आमचं घराणं अभ्यासात अर्धवट राहील.

आत्या म्हणाली, "त्यो हणमंता तर माज्या भावावानीच चालतोय. मी कवाधरनं सांगतीया. पर म्हातारीचं कोन ऐकतंय?"

कुंडल, पहिल्यांदा

वाटेत उसाच्या दुहेरी ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागे अकरा मिनिटं अडकलो. शीतपेटीचं तापमान पाच, पाच, सहा असं नीट चाललं होतं आणि पुढच्या नोंदीला अकरा निघालं. मी गाडी बाजूला घेतली. पेटी उघडली तर बर्फाच्या एका पिशवीच्या जागी स्टीलचा डबा. डब्यात खरवस. आत्याच्या सुनेने प्रेमाने ठेवला होता, जागा व्हावी म्हणून पिशवी काढून.

"रक्ताला एवढ्याने काही होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण रक्ताच्या पेटीतला खरवस आपण खायचा नाही."

वेलची घातलेला खरवस होता. मी तो बांधावर ठेवला आणि वहीत शेरा लिहिला : 'तापमान अकरा. कारण : नातेवाईक.'

पुढच्या वाटेवर मंगल म्हणाली, "मी तर आधीपासून म्हणत होते. भावजींच्या तोंडाला कधी वास आला नाही."

"तू जवळ कधी गेलीस?"

"पाया पडते ना. आशीर्वाद देताना माणूस तोंड उघडतो."

दादाचं घर गावाच्या कडेला, उसाच्या शेताला लागून. दादा एकसष्ट वर्षांचा. इस्त्रीचा शर्ट, टोकदार मिशी, पाय रुंद फाकवून दारात उभा. बोटीवर उभं राहिल्यासारखा.

"या डॉक्टरसाहेब. या वहिनी. मधू, तू बी ये. ह्या घराला पायऱ्या न्हाईत."

हे मला होतं. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या, वर्षाच्या लग्नाला मी दादाला पत्रिका पाठवली होती आणि मागून फोन करून सांगितलं होतं, "हॉलला अकरा पायऱ्या आहेत, दादा. दगदग करू नकोस." पायऱ्या खरोखरच अकरा होत्या. मी खोटा आकडा सांगत नाही. पण व्याह्यांसमोर दादा डुलेल, ही भीती मी त्या आकड्यामागे लपवली होती.

उसाचा रस आला, आलं-लिंबू घातलेला. डॉक्टरांनी संमतीपत्र काढलं. अकरा पानं. त्या एकेक मुद्दा सावकाश समजावत गेल्या. दादा "ठीक है, ठीक है" म्हणत होता. मग त्या म्हणाल्या, "तुमचं नाव आम्ही गुप्त ठेवू. नावाऐवजी फक्त नंबर राहील. चित्रणात तुमचा चेहरा झाकू."

दादाने ग्लास खाली ठेवला.

"चेहरा झाकून चालू? चोर हाय का मी?"

"तसं नाही, हा नियम तुमच्या भल्यासाठी..."

"आवं डॉक्टरसाहेब, धा-बारा वर्सं झाली, गाव मला दारुडा म्हनतंय. एक थेंब शिवलेला न्हाई मी. दोन वर्सामागं जत्रंत पालकीला खांदा दिला, झोक गेला, तर जत्रा कमिटीतनं काढलं मला. आन् तुमी म्हनता नाव गुप्त ठेवतो? नाव परत गावावं म्हनून तर रगत द्यायचं! फौजेत बी नंबर हुता मला. पर त्येच्याखाली नाव हुतं."

डॉक्टरांनी सांगितलं की ते कलम त्यांना खोडता येत नाही. सगळ्या देशांत एकच संमतीपत्र चालतं. दादाने सांगितलं की मग रक्तही निघत नाही. दोघंही अतिशय नम्रपणे अडून बसले.

मग दादाने भिंतीला धरत आतल्या खोलीत जाऊन काळी फौजी ट्रंक उघडली. आत माजी सैनिकांच्या कॅन्टीनमधून मिळणाऱ्या रमच्या बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मी मोजल्या. तेवीस. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

"ह्यो पुरावा," दादा म्हणाला. "कमिटीतनं काढलं तवापासनं एक बी कुनाला दिली न्हाई. हाय तशी ठेवलीया."

मंगल म्हणाली, "पण भावजी, पीत नाही तर आणता कशाला? बाटली घेऊन येताना लोक बघतात म्हणून तर बोलतात."

दादाने तिच्याकडे चमकून पाहिलं. "म्हैन्याला एक बाटलीचा कोटा सोडायचा कसा, वहिनी? हक्काचा हाय!"

माझा हिशेबी स्वभाव नको तिथे जागा झाला. "दादा, या दोन वर्षांच्या झाल्या. तू निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली. आधीच्या सतरा वर्षांच्या बाटल्या कुठे आहेत?"

"दिल्या."

"कोणाला?"

दादाने ट्रंकेचं झाकण लावलं. "ते न्हाई सांगायचं. त्येचं घर हाय, पोरंबाळं हायत."

आम्ही रक्ताशिवाय निघालो. ट्रंक पाहिल्यावर माझी खात्री पटायला हवी होती, पण डोक्यात सतरा गुणिले बारा घोळत होतं. दोनशे चार.

तासगाव

दादाची सख्खी बहीण सुमन तासगावजवळ राहते. द्राक्षाची बाग आणि बेदाण्याचं शेड. हिरव्या जाळीखाली, एकावर एक आठ मजल्यांवर द्राक्षं वाळत घातलेली. आत शिरलं की गोड, किंचित आंबूस वास नाकात बसतो. मी प्रत्येक मजल्यावरचे दोन-दोन बेदाणे चाखले. तिसऱ्या मजल्यावरचे सर्वांत गोड. सुमन म्हणाली, तसं काही नसतं. मी पुन्हा चाखून खात्री केली.

रात्री तिच्याकडेच मुक्काम केला. सकाळी शेडच्या तोंडाशी चहा घेत डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं. सुमनला पन्नास पूर्ण झाली आहेत, चाल सरळ आहे. रक्त द्यायला ती तयार होती. फक्त तिने विचारलं, "नाव कुठं येनार न्हाई न्हवं?" हा प्रश्न तिने पाऊण तासात पाच वेळा विचारला. म्हणजे भावाने ज्या ओळीपायी आम्हाला परत पाठवलं, त्याच ओळीवर बहीण सही करत होती.

कारण होतं पूजा. सुमनची मुलगी, पंचवीस वर्षांची, शाळेत शिकवते. लग्नाचं बघणं चालू आहे.

तपासणी चालू असताना मंगल वंशावळ घेऊन बसली आणि पुन्हा खोकली. सुमनचं लग्न मामाच्या मुलाशी झालेलं. त्यामुळे तिला मी एकदा थोरल्या चुलत्यांची मुलगी म्हणून आणि एकदा चुलतीच्या माहेरची सून म्हणून काढलं होतं. त्रेसष्टची बासष्ट झाली. डॉक्टर म्हणाल्या, "काका, हे सगळ्या घराण्यांत होतं." त्यांचा हा दिलासा मी वहीत लिहून ठेवला.

मी तोवर संमतीपत्र वाचत होतो. आदल्या दिवसापासून वाचत होतो. एवढी पानं सही करणारा कोणी वाचत नसावा, कारण सातव्या पानावर छपाईची एक चूक तशीच राहिली होती. त्याच पानावर मला ते वाक्य सापडलं. 'सहभागी व्यक्तीची ओळख संशोधक उघड करणार नाहीत.' मी ते तीनदा वाचलं.

"डॉक्टर, हे बंधन कोणावर आहे?"

"आमच्यावर."

"दादावर?"

त्या वाकून वाचू लागल्या. खालच्या ओळीत होतं की आपल्या तपासणीचा अहवाल आणि चित्रणाची प्रत सहभागी व्यक्ती मागून घेऊ शकते.

"म्हणजे तुम्ही गप्प बसायचं," मी म्हणालो. "त्याने गप्प बसायचं असं कुठेच लिहिलेलं नाही."

डॉक्टरांनी तिथूनच आपल्या वरिष्ठांना फोन लावून खात्री केली. मग त्या सुमनकडे वळल्या. दादाने दुखणं उघड सांगितलं, तर बोट बहिणीकडेही येईल; हे तिला आधी सांगणं भाग होतं.

सुमनने हातातले बेदाणे सुपात टाकले. "डॉक्टर, पूजाची दोन ठिकाणं मोडली. का म्हाईत हाय का? चौकशीला लोक कुंडलला गेलं आन् ऐकून आलं की मामा दारुडा हाय. आता भाऊ आजारी हाय म्हनून तिसरं मोडलं तर निदान खऱ्या गोष्टीनं मोडंल. पर ही पोरगी काय म्हनती ते बघा. लगीन तिचं हाय."

पूजा इतका वेळ वह्या तपासत होती. तिने मान वर केली. "मला कोणी विचारतच नाही. मामाला सांगा, चालू दे. जो आमच्याकडे येईल त्याला मी स्वतः सगळं सांगणार आहे. तपासणी करायची की नाही ते नंतर ठरवीन. घाई नाही."

डॉक्टर म्हणाल्या, तिचं बरोबर आहे. ती तपासणी सल्ला घेऊन, आपल्या मनानेच करायची असते. सुमननेही आपला निकाल आपल्याला कळवू नये असं लिहून दिलं. ती रात्रही तिच्याकडेच काढली. पहाटे निघताना तिने सहा किलो बेदाणे दिले. मी शीतपेटीवर बसूनच गाडी भरून घेतली.

कुंडल, पुन्हा

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला दादाच्या दारात. मी सातवं पान त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा लावून ते वाचलं.

"म्हंजी ह्यांनी सांगायचं न्हाई, पर मी सांगितलं तर चालतंय?"

"चालतंय."

"गावभर?"

"गावभर."

"आन् गुन देनारं दोन डॉक्टर कुठलं?"

"त्यांना कुंडल कुठे आहे हेही माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग ठीक है. ह्या गावाच्या बाहेरचं दोनच साक्षीदार पायजे हुतं मला."

दादाने अकरा पानांवर सह्या केल्या. हात हलत असल्यामुळे प्रत्येक सही निराळी आली, पण प्रत्येक पुरी नावानिशी. रक्त दिलं. नाकाची, टाचेची, तळहात उलटसुलट करण्याची तपासणी झाली. राहिलं चालणं. कागदावर लिहिलं होतं : दहा मीटर सपाट जागा.

घरातली सर्वांत लांब खोली पाच मीटर ऐंशी. अंगण मोठं होतं, पण मला ते गोठ्याकडे उतरतं वाटलं. डॉक्टरांना सपाट वाटत होतं. खात्री करायला काही साधन हवं होतं. दादा आत गेला आणि ट्रंकेतली एक बाटली घेऊन आला. "हिच्यात हवेचा बुडबुडा हाय बघ." बाटली आडवी ठेवली. बुडबुडा सरळ घराच्या बाजूला पळाला. दोन वर्षांत त्या तेवीस बाटल्यांपैकी एक कामाला आली ती अशी.

"सपाट जागा म्हंजी देवळाम्होरचं काँक्रिट," दादा म्हणाला. डॉक्टर कचरल्या. तिथे लोक असतील. दादा तोवर शर्ट बदलून, छातीवर सेवापदकं लावून आला होता.

देवळासमोर मी टेपने दहा मीटर मोजले आणि खडूने दोन रेघा मारल्या. टेप आणि खडू पाहून गाव जमलं. रस्त्याचं काम आलं असं लोकांना आधी वाटलं होतं. मी मोजली तेव्हा एकेचाळीस माणसं होती. नंतर मोजणं सोडून दिलं. मंगलने मोबाईलवर चित्रण धरलं. डॉक्टर दादाच्या अगदी शेजारून चालत होत्या, पडला तर धरायला. दुसऱ्या बाजूने मी.

दादा निघाला. पाय रुंद, नजर समोर. जाताना दोनदा झोक गेला, वळताना चार पावलं तिरका गेला, पण परत आला. मग टाचेला बोटं लावून सरळ रेघेवर चालायचं होतं. एक. दोन. तिसऱ्याला तो माझ्या अंगावर आला.

पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच डबल पेग!"

हशा झाला. दादाने माझ्या खांद्याचा आधार घेऊन पाय पुन्हा रेघेवर ठेवला.

तेवढ्यात गर्दीतून एक बुटका, पांढऱ्या टोपीचा म्हातारा पुढे आला. रंगातात्या, दादाचा शेजारी. त्याने चपला काढल्या, खडूच्या रेघेवर उभा राहिला.

"बाई, मला चालवा."

"आजोबा, तुम्ही आमच्या अभ्यासात नाही."

"नसू दे. पयलं बघा."

तो टाचेला बोटं लावत निघाला. दहा पावलं. बकरी बांधावरून जाते तसा. वळला आणि दहा पावलं परत. एकदाही झोक नाही.

"बघितलंत?" तो लोकांकडे वळला. "ह्येची बाटली सतरा वर्सं मी प्यालोय. दर म्हैन्याला. ह्यो आनायचा, मी प्यायचो. ज्येनं प्याली त्यो सरळ चालतोय, आन् ज्येनं शिवली न्हाई त्यो झुकतोय. आता सांगा, ही दारू हाय का?"

दोनशे चारचा हिशेब जुळला होता.

"रंगा, कशाला बोललास गड्या," दादा म्हणाला. "मी तुजं नाव काढनार नव्हतो."

"म्हाईत हाय रं. पयलं पोराचं लगीन व्हायचं हुतं म्हनून गप बसलो. मंग पोरीचं. मंग गप बसायची सवयच लागली. तू कमिटीतनं गेलास त्या दिशी बोलाय पायजे हुतं मी."

गर्दीतून एक बाई म्हणाली, "आवं, चपला घाला आन् घरला चला." ती रंगातात्याची बायको होती. तात्या निघाला. मी टिपून ठेवलं आहे : घरी जातानाही तो सरळच चालत होता.

डॉक्टरांनी देवळाच्या कट्ट्यावर बसून दादाला मराठीत कागद लिहून दिला. मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाच्या दुखण्याची लक्षणं दिसतात. तपासणीत मद्याचं कोणतंही लक्षण नाही. नेमका प्रकार रक्त तपासल्यावर कळेल. या दुखण्यावर आज बरं करणारं औषध नाही, पण तोलाचे व्यायाम शिकता येतात, हेही तोंडी सांगितलं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि 'मद्याचं कोणतंही लक्षण नाही' या शब्दांखाली रेघ मारून मागितली. डॉक्टर म्हणाल्या, अहवालात अशी रेघ मारत नाहीत. मी माझी पट्टी पुढे केली. त्यांनी मारली.

साताऱ्याला परत

मीटरवर दोनशे त्रेसष्ट किलोमीटर झाले. पेटी पाच अंशांवर. वंशावळीतला 'दारू' हा शब्द मी त्याच संध्याकाळी खोडला आणि दादाचा चौकोन काळा भरला. डॉक्टरांच्या कागदावर दादा म्हणजे एक नंबर आहे. माझ्या कागदावर मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

रक्ताचा निकाल पुढे आला. आत्यात आणि दादात एकच बिघाड निघाला. दोन अनोळखी डॉक्टरांचे गुणही जुळले. दादाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जुळनारच. डुललो तर सारखाच की दोघास्नी." जत्रा कमिटीने त्याला परत घेतलं आहे. पालखी नाही, पण हजेरी घ्यायचं काम दिलं आहे.

माझ्या लेकीला, वर्षाला, मुलगी झाली. बासष्टची त्रेसष्ट. बारसं त्याच हॉलमध्ये ठेवलं. दादाला मी पत्रिका पाठवली नाही, स्वतः जाऊन घेऊन आलो.

हॉलच्या पायथ्याशी तो थांबला. वर पाहुणे, व्याही, हातात पेढे घेतलेले. सगळे खाली बघत होते. मी त्याच्या डाव्या काखेत हात घातला. पहिल्या पायरीवर झोक गेला, दुसरीवर सावरला.

"मधू, लोक बघत्यात व्हय?"

"बघतायत, दादा. सगळेच."

"मग सावकाश चढू," तो म्हणाला. "घाई कशाला?"

अकरा पायऱ्यांना आम्हाला नऊ मिनिटं लागली.